मिस्साची वेळ कोणाच्या सोयीची?

आज जरा लांब लिहितोय. सवडीने वाचा.

विषय तसा आम्हा कॅथलिक लोकांच्या घरातला आहे. मिस्साच्या वेळा आणि कम्युनियन घेण्याची पद्धत. आमच्याकडे रविवारी दोन माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला हा विषय निघतो. पूर्वी सकाळी लवकर मिस्सा असायची ती आता का नाही, शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची कशी काय धरतात, प्रसाद हातावर घ्यायचा की जिभेवर, गुडघे टेकून की उभं राहून. बोलणारे तावातावाने बोलतात आणि शेवटी "आपल्या वेळी असं नव्हतं" म्हणून उठतात. "आपल्या वेळी" नक्की काय होतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढावं.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. मिस्सा म्हणजे आमची देवळातली मुख्य उपासना. तिच्यात फादर भाकरी आणि द्राक्षारस अर्पण करतात. ती पातळ, पांढरी, रुपयाएवढी भाकरी आमच्या श्रद्धेप्रमाणे ख्रिस्ताचं शरीर होते आणि ती आम्ही घेतो. ते कम्युनियन. ते मिस्सात मिळतं, आणि मिस्साला फादर लागतो. त्यामुळे मिस्सा किती वाजता, यावर कोणाला प्रसाद मिळणार आणि कोणाला नाही, हे ठरतं. या पोस्टचा मुद्दा एवढाच आहे.

आणि वेळेचं महत्त्व रेवदंड्याच्या माणसाला सांगायला नको. आपल्या गावात बेने इस्राएल लोकांचं बेथ एल सिनेगॉग आहे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून या किनाऱ्यावर त्यांना शनवार तेली म्हणायचे. उपासनेच्या दिवसावरून अख्ख्या समाजाला नाव पडलं. श्रीबैठकीचा वार चुकू नये म्हणून आठवड्याची कामं लावणाऱ्या बायका प्रत्येक आळीत आहेत. नमाजाची वेळ, काकड आरतीची वेळ, सगळीकडे तेच. देवाची वेळ माणसाच्या दिवसाला धरून असते आणि माणसाचा दिवस त्याच्या पोटाला.

माझं आजोळ कोर्लई, घर रेवदंड्यात. मध्ये कुंडलिका खाडी. साळावचा पूल झाला १९८६ मध्ये. त्याआधी रेवदंड्यातून कोर्लईच्या देवळात जायचं तर तरीने पलीकडे उतरून पुढे पायपीट. भरती-ओहोटी आणि पावसाळ्यातलं वारं बघून निघावं लागायचं. माझी आजी सांगायची, मिस्साला जायचं म्हणजे आदल्या रात्रीपासून तयारी. त्या तयारीत एक गोष्ट अशी होती जी आजच्या पोरांना सांगितली तर खरी वाटत नाही. मध्यरात्रीनंतर पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही.

हा नियम जगभरच्या कॅथलिक लोकांना होता. कम्युनियन घ्यायचं तर रात्री बारापासून कडक उपास. आजी म्हणायची, रात्रीची जेवणं आटपली की तिची आई पाण्याच्या हंड्यावर परात पालथी घालायची, झोपेत उठून कोणा पोराने पाणी पिऊ नये म्हणून. फादरलाही तोच उपास. म्हणून मिस्सा सकाळीच. १९१७ च्या धर्मसंहितेत तर लिहिलेलंच होतं, पहाटेच्या आधी एक तासापेक्षा लवकर मिस्सा सुरू करायची नाही आणि दुपारी एकनंतरही नाही. संध्याकाळची मिस्सा हा प्रकार आजीच्या तरुणपणी नव्हताच.

आता विचार करा, या नियमात कोण बसत होतं? ज्याचं घर देवळाला लागून, ज्याला सकाळी कामाची घाई नाही, ज्याची तब्येत ठणठणीत. लावणीच्या दिवसांत पहाटेपासून चिखलात उभी राहणारी बाई बसत नव्हती. अंगावर पिणारं मूल असलेली बसत नव्हती. रात्रपाळीवरून आलेला गिरणीकामगार बसत नव्हता. आजी सांगायची, पोरं लहान होती तेव्हा वर्षानुवर्षं ती फक्त ईस्टरच्या सुमारास कम्युनियन घ्यायची. मिस्साला जायची, मागे बसायची, प्रसादाच्या वेळी बाकावरच राहायची. वर्षातून एकदा घेणं पुरे, असा नियम १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने घातला होता आणि बहुतेक गरीब माणसं तेवढ्यावरच राहायची. दहावे पायस या पोपनी १९०५ मध्ये सांगितलं की वरचेवर घ्या, रोज घेतलंत तरी चालेल. १९१० मध्ये सांगितलं की सात वर्षांच्या सुमारास मुलांनाही द्या. पण उपास तोच राहिला. म्हणजे दार उघडलं आणि उंबरा होता तेवढाच उंच ठेवला.

हा उंबरा उतरायला पुढे साठ वर्षं गेली. तारखा मुद्दाम देतो. १९५३ च्या जानेवारीत बारावे पायस यांनी जाहीर केलं, पाणी प्यायल्याने उपास मोडत नाही. बिशपच्या परवानगीने दुपारी चारनंतर मिस्सा करायलाही त्याच वेळी मोकळीक मिळाली. १९५७ च्या मार्चमध्ये मध्यरात्रीचा नियम गेला आणि तीन तासांचा उपास आला. २१ नोव्हेंबर १९६४ ला सहावे पॉल यांनी तो एका तासावर आणला. आजही तोच आहे, कम्युनियनच्या आधी एक तास. म्हातारी, आजारी माणसं आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना तोही नाही.

ती शेवटची तारीख लक्षात ठेवा. त्यानंतर अकरा दिवसांनी, २ डिसेंबर १९६४ ला हेच पोप मुंबईत उतरले. भारतात आलेले ते पहिले पोप. मुंबईत तेव्हा आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली होती, २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर. युखरिस्त म्हणजे हाच प्रसाद. कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस यजमान, ओव्हल मैदानावर लोटलेली गर्दी. रायगडचा किनाराही मुंबईच्याच धर्मप्रांतात. म्हणजे नियम सैल झाला तो कुठेतरी दूर रोममध्ये, आणि दोन आठवड्यांत त्या नियमाचा मालक आपल्या दाराशी.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट दिसते. "आपल्या वेळी असं नव्हतं" म्हणताना आपण ज्या जुन्या रीतीला कवटाळतो, ती रीत खूप लोकांना प्रसादापासून लांब ठेवणारी होती. वेळा बदलल्या त्या श्रद्धा पातळ झाली म्हणून नव्हे. कामकरी माणसाला वेदीपर्यंत पोचता यावं म्हणून बदलल्या. शनिवार संध्याकाळचंही तसंच. १९८३ ची धर्मसंहिता सांगते की आदल्या संध्याकाळची मिस्सा रविवारसाठी चालते. रविवारी ड्युटी असलेल्या नर्सला, हॉटेलातल्या पोराला, बस कंडक्टरला विचारा ती सवलत काय आहे ते. आपल्याकडे तर शनिवार-रविवारी अलिबागपासून काशीदपर्यंत पर्यटकांची झुंबड. रविवार सकाळ हीच ज्यांच्या धंद्याची वेळ, अशी कितीतरी घरं आहेत.

भाषेचंही सांगायला हवं. १७४० मध्ये पोर्तुगीज इथून गेले, चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली. मागे राहिलेल्या ख्रिस्ती माणसांच्या तोंडात एक पोर्तुगीज-मराठी मिसळीची बोली राहिली. कोर्लईत तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. जगभरचे भाषातज्ज्ञ तिचा अभ्यास करतात, क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन अभ्यासकाने १९९६ मध्ये तिच्यावर पुस्तकच काढलं. पण मिस्सा लॅटिनमध्ये. फादर वेदीकडे तोंड करून बोलायचे आणि मागे बायका आपापली जपमाळ ओढायच्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये लोकांच्या भाषेला वाट दिली, १९६९ च्या आगमनकाळापासून नवी मिस्सा आली. इकडे मराठी आली. आजीला पहिल्यांदा कळलं की फादर इतकी वर्षं काय म्हणत होते. घरात नो लिंग, शाळेत मराठी, देवळात मराठी. बोलीचं पुढे काय होणार हा वेगळा विषय, त्यावर कधीतरी लिहीन. पण समजणाऱ्या भाषेतली मिस्सा आणि पोचता येईल अशी वेळ, या एकाच हक्काच्या दोन बाजू आहेत असं मला वाटतं.

हे वाटायला कारण आहे. नोकरीनिमित्त मी बरीच वर्षं मुंबईत काढली. उपनगरातल्या एका पॅरिशमध्ये जायचो, नाव घेत नाही. तिथे रविवारी सकाळी साडेसहाला मराठी मिस्सा होती. येणारे कोण? रात्रपाळीवरून सुटलेले वॉचमन, घरकाम करणाऱ्या बायका, आमच्यासारखे कोकणातून आलेले. एका वर्षी पावसाळ्यानंतर बोर्ड लागला, मराठी मिस्सा यापुढे महिन्यातून एकदा, दुपारी साडेबाराला. कारण दिलं, उपस्थिती कमी. आम्ही सहा-सात जण फादरना भेटलो. फादर भले माणूस, चिडले नाहीत. आकडे दाखवले. रीतसर डोकी मोजली होती. मी विचारलं, फादर, कधी मोजली? जुलैत. जुलैत आमची निम्मी माणसं गावाला लावणीला गेलेली असतात! त्यांनी नोव्हेंबरात परत मोजणी लावली. आकडा वाढला. शेवटी महिन्यातून दोनदा सकाळची मराठी मिस्सा मिळाली, पूर्वीसारखी दर रविवारी नाही. घरकाम करणाऱ्या दोन मावशी तोवर यायच्या बंद झाल्या होत्या. साडेबाराला त्यांच्या मालकिणींकडे जेवणाची वेळ. त्या बोर्डामागे कोणाचा वाईट हेतू नव्हता. फक्त ज्यांच्यावर तो निर्णय पडणार होता त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आता कम्युनियनच्या पद्धतीबद्दल. यावर तर घराघरात भांडणं आहेत. जुनी माणसं जिभेवर घेतात. हातावर घ्यायला १९६९ मध्ये रोमने मुभा दिली, तीही देशोदेशींच्या बिशपांनी मागितली तर. मग २०२० चा मार्च आला. करोनामुळे जिभेवर देणं थांबलं, हातावरच घ्या म्हणून सांगण्यात आलं. थोड्याच दिवसांत देवळंच बंद झाली.

माझ्या आईला हातावर घ्यायचं म्हणजे मोठं संकट. ती म्हणायची, "हे माझे हात, चिखलातले, राखेतले, मासळीतले. भेगा बघ. यावर देवाला घेऊ?" तिच्या मनातला तो संकोच अडाणीपणाचा नव्हता. आयुष्यभर तिला हेच शिकवलं होतं की त्या प्रसादाला फक्त फादरच्या हाताचा स्पर्श चालतो. माझ्या मुलीचं म्हणणं उलट. ज्या हातांनी आजीने तीन पोरं वाढवली त्या हातांपेक्षा पवित्र काय असणार? दोघींचंही मला पटतं. नियम काय सांगतो म्हणाल, तर २००४ मध्ये रोमने स्पष्ट केलं आहे. जिभेवर घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, जिथे परवानगी आहे तिथे हातावर घेणाऱ्यालाही द्यायचं, आणि कोणी गुडघे टेकले किंवा उभा राहिला म्हणून नाकारायचं नाही. म्हणजे रांगेत पुढच्याने कसं घेतलं ते बघून नाक मुरडण्याचं काम कोणाला दिलेलं नाही.

टाळेबंदीत मिस्सा मोबाइलवर आल्या. १२ एप्रिल २०२० चा ईस्टर आम्ही स्टुलावर मोबाइल टेकवून पाहिला. आई मोबाइलसमोर डोक्यावर पदर घेऊन बसली होती. पडद्यावर फादरनी प्रसाद वर उचलला, हिने हात जोडले, पुढे काहीच नाही. मनाने घ्यायची प्रार्थना म्हटली. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, झाडं पडली, पत्रे उडाले, वीज गेली, नेटवर्क गेलं. मग तो मोबाइलही काळा. इतके दिवस "ऑनलाइन आहे की" म्हणणाऱ्यांना तेव्हा कळलं की ऑनलाइन म्हणजे सगळ्यांना नाही. राज्यातली देवळं, मशिदी, चर्च १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. २०२१ च्या एप्रिलमध्ये परत बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी उघडली. महिन्याभरातच एसटीचा संप लागला, तो एप्रिलपर्यंत. देवळं उघडली तर एसटी बंद! ज्यांच्याकडे गाडी त्यांची मिस्सा चुकली नाही. ज्यांच्याकडे नाही ते घरी.

फादर लोकांची बाजूही मांडायला हवी, नाहीतर ही पोस्ट एकतर्फी होईल. एका फादरने एका दिवसात एकच मिस्सा करायची असा मूळ नियम आहे. गरज असेल तर दोन, रविवारी आणि सणाला बिशपच्या परवानगीने तीन. त्यापलीकडे नाही. गावं लांबलांब, रस्ते कसे आहेत ते तुम्ही जाणता. आपल्यापैकी किती घरांतून मुलगा सेमिनरीत गेला? मिस्सा सगळ्यांना घरापाशी हवी आणि फादर मात्र दुसऱ्याच्या घरातून यावा, असं चालत नाही. त्यामुळे वेळा कमी होणार, एकत्र होणार, हे येत्या काळात ठिकठिकाणी घडणार आहे. त्याला नुसता विरोध करून काही होणार नाही.

पण कसं करायचं, हे मात्र आपल्या हातात आहे. धर्मसंहितेत कलम २१२ आहे. त्यात सांगितलंय की आपल्या गरजा आणि आपलं मत धर्मगुरूंना कळवण्याची श्रद्धावंतांना मोकळीक आहे. मताच्या बाबतीत तर तो हक्कच आहे आणि कधीकधी कर्तव्यही. पुढचं कलम २१३ सांगतं की संस्कार मिळणं हाही आपला हक्क. पॅरिश कौन्सिलला फक्त सल्ल्याचा अधिकार आहे, हे खरं. पण सल्ला द्यायचाच नाही असं कुठे लिहिलंय? आपल्या बैठका मात्र सणाच्या मंडपावर आणि लाऊडस्पीकरवर संपतात.

म्हणून माझ्यापुरते चार प्रश्न मी काढलेत. कुठल्याही पॅरिशमध्ये वेळ बदलायची चर्चा निघाली की ते विचारावेत असं सुचवतो.

एक. डोकी कोणत्या महिन्यात मोजली? लावणीत, कापणीत, मे महिन्यात की सणाला? एका महिन्याच्या मोजणीवर वर्षाचा निर्णय नको.

दोन. त्या वेळेला जायला आणि परत यायला एसटी किंवा रिक्षा आहे का? नसेल तर कोण कोणाला गाडीवर घेणार, हे त्याच बैठकीत ठरवा.

तीन. जे येऊच शकत नाहीत त्यांच्याकडे प्रसाद कोण नेणार? १९७३ पासून प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य बाया-पुरुषांनाही तो नेता येतो. सगळं फादरवर टाकायची गरज नाही. जुनी माणसं "फादरच हवेत" म्हणतात, त्यांना घरच्यांनी समजवायचं.

चार. बोर्ड लावण्याआधी निदान एक महिना मिस्सानंतर सगळ्यांसमोर सांगितलं का? आणि मागच्या बाकावर बसणाऱ्यांना विचारलं का? पुढचे बोलतातच.

शेवटी एक गोष्ट सांगतो, कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. बायबलमध्ये पौलाने करिंथ गावच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं पहिलं पत्र आहे. त्याचा अकरावा अध्याय काढून वाचा. प्रभुभोजनाची सगळ्यात जुनी लेखी हकिकत तिथे आहे. आणि ती लिहायचं कारण काय? भांडण. पुढे येणारे आपलं आपलं जेवून घ्यायचे, कोणी पिऊन तर्र, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशीच. अनेक अभ्यासक म्हणतात की मागे राहणारे म्हणजे दिवसभर राबून उशिरा पोचणारे मजूर आणि गुलाम. पौल चिडून विचारतो, गरिबांना लाज आणता काय? आणि उपाय सांगतो तो अगदी साधा. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही तक्रार वेळेचीच होती. पहाटे असो की संध्याकाळी, हातावर असो की जिभेवर, मला वाद घालायचा नाही. फक्त शेवटून येणाऱ्यासाठी आपण थांबलो का, एवढं बघूया.

तुमच्या घरातल्या जुन्या माणसांना मध्यरात्रीच्या उपासाबद्दल विचारा, तरीने मिस्साला जायचे त्याबद्दल विचारा. त्या आठवणी सांगणारी माणसं आता थोडी राहिलीत. काय सांगतील ते खाली लिहा. वेगळं मत असेल तर तेही बिनधास्त लिहा, फक्त एकमेकांची श्रद्धा काढू नका.